सोडून दिलेली सतार

माझ्या घरी भिंतीला एक सतार टेकून उभी आहे. मिरजेची आहे. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण गेले नाही याची भरपाई म्हणा, किंवा ऐन तरुणपणातली हौस म्हणा, वीस-बावीस वर्षांपूर्वी मी ती विकत घेतली आणि आमच्या तालुक्याच्या गावी एका वृद्ध गुरुजींकडे अडीच वर्षे शिकलो. पुढे शाळेची नोकरी लागली, लग्न झाले, कादंबऱ्या लिहिण्याचा नाद जडला आणि सतार गवसणीत गेली, ती आजतागायत गवसणीतच आहे. आल्यागेल्याने विचारले, "कोण वाजवतं?" की घरची माणसे माझ्याकडे पाहतात आणि मी चहाच्या कपाकडे पाहतो.

ही कबुली आधीच देऊन ठेवतो. कारण ज्या वादकाविषयी मला लिहावयाचे आहे त्याच्याकडे मी याच खिडकीतून पाहिले आहे. दुसऱ्या खिडकीतून पाहिलेले लेखन इंग्रजीत पुष्कळ आहे. जॉर्ज हॅरिसन हे नाव आपल्या वाचकांच्या कानावरून गेलेले असेल. 'बीटल्स' म्हणून इंग्लंडातली जी चौघा पोरांची चौकडी जगभर गाजली, तिच्यातला हा गिटारवाला. वयाने सर्वांत लहान आणि बोलण्यातही सर्वांत कमी. दिवाळीच्या फराळाबरोबर विलायती गिटार कशाला वाढता, असे कुणी म्हणेल. पण या माणसाने आपल्याकडची एक विद्या मनापासून शिकावयास घेतली आणि दोन-अडीच वर्षांत सोडून दिली. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक या प्रकरणाला 'हौसेचा काळ' म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. विद्या अर्ध्यात सोडली म्हणजे ती जाते कुठे, हा प्रश्न मास्तर म्हणून आणि माणूस म्हणून मला छळत आला आहे, आणि त्याचे जे थोडेबहुत उत्तर मला ऐकू आले ते हॅरिसनच्या गिटारीत ऐकू आले.

त्याचा जन्म लिव्हरपूल बंदरातला, १९४३ च्या फेब्रुवारीतला. बाप बसवर कंडक्टर, पुढे ड्रायव्हर. चार भावंडांत हा धाकटा. घर चाळीतल्यासारखे, रांगेतले, संडास अंगणात. बारा-तेरा वर्षांचा असताना सायकलवरून जाता जाता कुणाच्या तरी खिडकीतून एल्व्हिस प्रेस्लीचे 'हार्टब्रेक हॉटेल' त्याच्या कानी पडले आणि पोर तिथेच बिघडले. ही खिडकी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा यावयाची आहे. आईने दिलेल्या साडेतीन पौंडांत त्याने शाळेतल्या एका मुलाकडून जुनी गिटार घेतली. दांडीच्या मुळाशी एक स्क्रू दिसला तो त्याने फिरवून पाहिला, आणि गिटारीचे दोन तुकडे हातात आले. पुन्हा जोडता येईनात, म्हणून त्याने ते तसेच कपाटात ठेवून दिले. पुढे थोरल्या भावाने ती जोडून दिली. मग मात्र बोटे सोलवटेपर्यंत सराव सुरू झाला, आणि रात्री उशिरापर्यंत आई सोबतीला जागू लागली. ज्या घरात वाद्य वाजवणाऱ्या मुलासाठी कुणी जागते, त्या घरातले मूल निम्मे शिकलेले असते, असा माझा अनुभव आहे.

शाळेच्या बसमध्ये पॉल मॅकार्टनी भेटला, त्याने जॉन लेननशी गाठ घालून दिली. पंधराव्या वर्षी जॉर्ज त्या टोळीत शिरला. १९६० साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या दारूच्या अड्ड्यांतून रात्र रात्र वाजवताना तो अजून अठराचाही नव्हता, हे कळताच तिथल्या पोलिसांनी त्याला परत पाठवून दिले. १९६२ मध्ये पहिली तबकडी निघाली, १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत दूरदर्शन संचावर सुमारे सात कोटी लोकांनी त्यांना पाहिले. पुढच्या दोन वर्षांतले किंचाळणारे जमाव, विमानतळ, पोलीस हे सारे सर्वांना ठाऊक आहे. त्या गर्दीत आपले वाजवणे आपल्यालाच ऐकू येत नसे, ही गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. ज्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही त्याला दुसऱ्याच एखाद्या सुराची तहान लागली, तर त्यात नवल काय?

१९६५ साली 'हेल्प' चित्रपटाच्या एका दृश्यासाठी भारतीय वाद्ये आणली होती. तिथे त्याने सतार प्रथम हाती घेतली, मग लंडनच्या एका दुकानातून एक हलकीशी विकत आणली, आणि त्या वर्षअखेर निघालेल्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात ती वाजवली. आज ते गाणे ऐकताना आपल्या कानाला काय वाटते? सतार तिथे गिटारीचे कपडे घालून बसली आहे. चाल सरळ तारांवर ठोकलेली आहे. मींड नाही, गमक नाही. आहे तो केवळ तरफेच्या तारांचा झणझणाट. रविशंकरांना त्यांच्या घरच्या तरुण मुलांनी ती तबकडी ऐकवली तेव्हा ते काही भारावले नाहीत. पण पश्चिमेकडच्या पोरांना तो आवाजच नवा होता, आणि वर्षभरात जो तो सतारीच्या मागे लागला. रॉक संगीतातल्या या सतारवेडाविषयी आपल्याकडे जो उपहास झाला तो बव्हंशी योग्यच होता.

हॅरिसन मात्र उपहासाच्या पुढे गेला. १९६६ च्या जूनमध्ये लंडनला एशियन म्युझिक सर्कल चालवणाऱ्या अंगडी दांपत्याच्या घरी त्याची रविशंकरांशी भेट झाली आणि शिकवणी सुरू झाली. पहिल्या धड्याची एक हकीकत त्यानेच पुढे सांगितली आहे. कसे बसावे, वाद्य कसे धरावे हे चालले असता टेलिफोन वाजला. हॅरिसन उठला आणि सतार ओलांडून जाऊ लागला. रविशंकरांनी त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा मान राखावयास सांगितले.

ही चापट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे पाटीला पाय लागला तरी मूल पाटीला नमस्कार करते. त्यात कुणाला विशेष वाटत नाही. पण त्या दिवशी ज्याच्या पायावर ती चापट बसली तो तेवीस वर्षांचा, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चार माणसांपैकी एक होता. कित्येक वर्षांत त्याला कुणी 'असे करू नकोस' म्हटले नसावे. आणि तो रागावून निघून गेला नाही, पुन्हा मांडी घालून बसला. गिटारवाल्याच्या कमरेला आणि गुडघ्यांना ती बैठक सोसत नव्हती, तरी बसला. त्याचे शिष्यत्व मी इथून धरतो.

त्याच साली २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला बीटल्सचा तिकिटांचा शेवटचा जलसा झाला, आणि सप्टेंबरच्या मध्याला हॅरिसन पत्नीसह मुंबईत उतरला. मिशा वाढवून, खोटे नाव देऊन ताजमहाल हॉटेलात राहिला. पण लिफ्टवाल्या पोराने ओळखले म्हणतात, आणि मग काय विचारता! अपोलो बंदरावर पोरापोरींची झुंबड उडाली. शेवटी पत्रकारांना बोलावून, मी इथे शिकावयास आलो आहे, मला शिकू द्या, असे सांगावे लागले. गुरुशिष्य तिथून काश्मीरला गेले आणि श्रीनगरच्या हाउसबोटीवर सारेगमचे पलटे सुरू झाले. मुंबईत रविशंकरांचे शिष्य शंभू दास हेही त्याला शिकवीत. सारा मुक्काम जेमतेम सहा आठवड्यांचा.

सहा आठवडे म्हणजे काय, हे रविशंकरांइतके कुणाला माहीत असणार? ते स्वतः थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यमंडळींबरोबर पॅरिसच्या झगमगाटात वाढलेले. चांगले कपडे, टाळ्या, प्रवास, सर्व काही होते. अठराव्या वर्षी, १९३८ साली, ते सगळे टाकून ते मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या दारी जाऊन राहिले आणि सुमारे सात वर्षे तिथे त्यांनी स्वतःला घासून घेतले. आपल्या या गोऱ्या शिष्याकडे पाहताना त्यांना आपलाच अठरावा वाढदिवस आठवला असेल काय? एकाने झगमगाट टाकला. दुसऱ्याला तो टाकता येत नव्हता, कारण झगमगाटच त्याला टाकावयास तयार नव्हता. करार होते, तबकड्या होत्या, तिघे मित्र होते.

या शिष्यत्वाच्या काळातली त्याची तीन गाणी मुद्दाम ऐकावीत. पहिले 'लव्ह यू टू', १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' तबकडीतले. हे रविशंकरांची भेट होण्याआधी ध्वनिमुद्रित झालेले आहे. आरंभी तालाबाहेरची आलापासारखी सुरुवात, मग तबल्यासह गत, शेवटी लय वाढलेली. आपल्या मैफिलीचा आराखडा पोराने ऐकून ऐकून उचलला आहे, तोही तीन मिनिटांत. तबला अनिल भागवत यांचा. बीटल्सच्या तबकडीच्या वेष्टनावर 'भागवत' हे आडनाव छापलेले पाहून आपल्यातल्या कित्येकांना उगीचच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, मलाही वाटले.

दुसरे 'विदिन यू विदाउट यू', १९६७ च्या 'सार्जंट पेपर' मधले. बाकीच्या तिघा बीटल्सपैकी कुणीही यात वाजवलेले नाही. रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून त्याने हे बेतले. चाल आपल्या खमाजाच्या अंगाने जाते. मधल्या वाद्यांच्या भागात ताल बदलून झपतालाच्या चालीवर येतो. पण माझे लक्ष दुसरीकडेच जाते. दिलरुबा जिथे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकत जातो तिथे विलायती व्हायोलिनवाल्यांनीही तसेच सरकावे, अशी अपेक्षा होती, आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ते त्यांच्याकडून काढून घेताना बरेच कष्ट पडले. ती मंडळी एकेक सूर स्वच्छ, सुटा काढावयास शिकलेली. दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत संगीत असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. हॅरिसनला ते कळले होते. सतार त्याच्या हाताला आली नसेल, पण कानाला आली होती.

तिसरे गाणे 'दि इनर लाइट'. याचे वाद्यांचे मुद्रण आपल्या मुंबईत झाले. 'वंडरवॉल' नावाच्या इंग्रजी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी १९६८ च्या जानेवारीत तो फोर्टातल्या एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत आला होता. तिथले यंत्र साधे, एकेरी ध्वनीचे. भास्कर मेनन यांनी दुहेरी ध्वनीचे यंत्र आगगाडीने कलकत्त्याहून आणवले. भिंती अशा की संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या म्हणजे खालच्या टॅक्स्यांचे भोंगे मुद्रणात येत. ज्याच्यासाठी लंडनचा उत्तमोत्तम स्टुडिओ हात जोडून उभा होता तो माणूस फोर्टातल्या रहदारीत बसून काम करीत होता. त्या मुद्रणांत भाग घेणाऱ्यांत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा होते. दोघेही तेव्हा तिशीच्या आतबाहेर. चंद्रशेखर नारिंग्रेकर सुरबहार घेऊन होते, रिजराम देसाद पेटी घेऊन होते. हे गाणे मला त्या तिघांत सर्वांत आवडते, आणि त्याचे कारण सांगतो. यात हॅरिसन सतार वाजवीत नाही. तो बाजूला बसला आहे आणि वाजवणाऱ्यांना वाजवू देतो आहे. शब्दही त्याचे नव्हेत, जुन्या चिनी ताओ ग्रंथातले. स्वतःला मागे घेतल्याबरोबर त्याचे काम एकदम निर्मळ झाले.

आता ती सोडण्याची गोष्ट. १९६८ च्या उन्हाळ्यात रविशंकरांवरच्या एका चित्रपटासाठी तो कॅलिफोर्नियाला गेला होता. तिथे रविशंकरांनी त्याला विचारले, तुझी मुळे कुठे आहेत? मनात शोधू लागला तेव्हा त्याला गंगा दिसली नाही, हिमालय दिसला नाही. लिव्हरपूलचा रस्ता, सायकल आणि खिडकीतून येणारे 'हार्टब्रेक हॉटेल' आठवले. परतताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात एरिक क्लॅप्टन आणि जिमी हेंड्रिक्स हे दोघे गिटारीचे दादा उतरलेले होते. त्याने हिशेब मांडला: आपण निदान पंधरा वर्षे आधी सुरुवात करावयास हवी होती, थोर सतारिये आपण व्हावयाचे नाही, आणि इकडे या दोन-तीन वर्षांत गिटारीला हातही फारसा लागलेला नाही. त्याने सतार ठेवली आणि पुन्हा गिटार घेतली.

येथे दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे गुरूचा प्रश्न. जगातला सर्वांत नावाजलेला शिष्य हाताशी असताना, त्याच्यामुळे स्वतःचे नाव घराघरांत पोहोचत असताना, तू कुठला आहेस असे त्याला विचारणे, आणि अशा रीतीने त्याला जणू दार उघडून देणे, हे फार थोड्या गुरूंना जमेल. आम्हा मास्तरांना तर नाहीच. चांगला मुलगा दुसऱ्या तुकडीत गेला तरी आमचा चार दिवस जीव खालीवर होतो. दुसरी गोष्ट म्हणजे शिष्याने सोडताना बोल कुणाला लावला नाही. वेळ नव्हता, लोक शिकू देईनात, वाद्य अवघड, यांपैकी एकही सबब त्याने पुढे केली नाही. मी सगळ्या केल्या होत्या.

मात्र परत आलेला हा गिटारवाला गेलेल्यापेक्षा वेगळा होता. त्याच सप्टेंबरात 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' या गाण्याचे मुद्रण चालले असता त्याने क्लॅप्टनला सोबत नेले. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरचा माणूस असा वाजवीत नाही, म्हणून क्लॅप्टन कचरत होता. हॅरिसनने आपल्या गाण्यातला, गिटारीवरच रचलेल्या गाण्यातला, मानाचा तुकडा मित्राच्या हाती दिला. कीर्ती मोजून घेणाऱ्या त्या धंद्यात हे सोपे नव्हते. आणि १९६९ च्या 'समथिंग' मधला त्याचा स्वतःचा तुकडा ऐका. सूर बोटांवर मोजता येतील इतके थोडे. प्रत्येक सूर दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून येतो. गवयाने आकारात गावे तसे ते वाजवणे आहे.

यापुढे थोडे यंत्राविषयी सांगितले पाहिजे, नाही तर माझा मुद्दा हवेत राहील. गिटारीच्या दांडीवर धातूचे पडदे पक्के बसवलेले असतात. बोट दाबले की ठरलेला सूर, मधला नाही. सतारीलाही पडदे आहेत, पण तिची तार पडद्यावर आडवी खेचून एका जागेवरून चार-पाच सुरांपर्यंत चढता येते, ती मींड. गिटारीचीही तार खेचतात, परंतु तेवढा पल्ला तिला नाही. यावर अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी एक तोड काढलेली होती: बाटलीच्या मानेचा तुकडा किंवा धातूची नळी बोटात घालून ती तारांवरून नुसती सरकवावयाची. पडदे मग दिसण्यापुरते उरतात. सूर पाण्यासारखा वाहतो. हिलाच स्लाइड गिटार म्हणतात. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी याच तत्त्वावर गिटारीला रागदारीत बसवले, हे जाणत्या वाचकांना माहीत आहेच.

१९६९ च्या डिसेंबरात डिलेनी आणि बॉनी या जोडप्याच्या मंडळींबरोबर हॅरिसन दौऱ्यावर गेला असता डिलेनीने ही नळी त्याच्या बोटात दिली. तिथून पुढे मरेपर्यंत ती त्याची ओळख झाली. तोवर बीटल्सचा गिटारवाला म्हणून तो चांगला होता. स्लाइडवर तो एकमेव झाला. अमेरिकन वादकांच्या स्लाइडमध्ये एक खरखर असते, विव्हळणे असते, धुळीचा रस्ता असतो. हॅरिसनची नळी तशी वाजत नाही. ती स्वच्छ आहे, सुराशी अतिशय प्रामाणिक आहे. सुरावर पोहोचताना ती घाई करीत नाही, आणि पोहोचली की किंचित थरथरून स्थिर होते. हे तो कुठे शिकला? मिसिसिपीच्या काठी खचित नव्हे. श्रीनगरच्या हाउसबोटीत पलटे घोकताना हाताने जे केले नाही ते कानाने जमा करून ठेवले होते, आणि नळी हाती येताच त्याने ते बाहेर काढले. हा माझा तर्क आहे. परंतु 'माय स्वीट लॉर्ड' च्या आरंभी दोन गिटारी जोडीने ज्या रीतीने चढत जातात ते ऐकून कुणी तो खोडून दाखवावा.

ते गाणे १९७० च्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या तीन तबकड्यांच्या संचातले. त्यात ख्रिस्ती हालेलुया आणि हरेकृष्णाचा नामघोष एकाच चालीवर येतात, शेवटी गुरुस्तोत्रही येते. ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याच्यामागे खटलाही आला. १९६३ च्या 'ही इज सो फाइन' या गाण्याची चाल उचलली, असा. १९७६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की उचल झाली आहे, पण नकळत. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकल्यावर मला निकाल अन्यायाचा वाटला नाही. नकळत केलेली नक्कल आम्ही परीक्षेच्या पेपरात नेहमी पाहतो, आणि तिला पूर्ण शून्य कधी देत नाही.

१ ऑगस्ट १९७१ ची गोष्ट तर इतिहासात जमा झाली आहे. पूर्व बंगालात १९७० च्या नोव्हेंबरात वादळ होऊन गेले होते, पाठोपाठ अत्याचार आणि निर्वासितांचे लोंढे. रविशंकरांनी शिष्याला सांगितले, आणि काही आठवड्यांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन जलसे झाले. चाळीस हजार लोक आले. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले. वाद्ये जुळवणे संपताच प्रेक्षकांनी कडाडून टाळ्या दिल्या; जुळवणे एवढे आवडले तर वाजवणे त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसून म्हणाले. या विनोदावर आपण फार हसतो. मला त्या टाळ्यांचे हसू येत नाही. माणसे ऐकण्याच्या तयारीने आली होती, एवढेच त्यांतून दिसते. जमलेले सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. तबकडी आणि चित्रपटाचे उत्पन्न मात्र करांच्या भानगडीत वर्षानुवर्षे अडकून पडले. सोडून दिलेल्या सतारीचे एवढे व्याज दुसऱ्या कुठल्या शिष्याने दिले असेल, असे मला वाटत नाही.

त्याचे सर्वच काम या तोलाचे आहे असे मात्र नव्हे. १९७३ च्या सुमाराची कित्येक गाणी कीर्तनातल्या पूर्वरंगासारखी लांबतात. उपदेश करताना त्याचा आवाज कोरडा होतो आणि नळीच त्याला वाचवते. १९७४ च्या अमेरिकन दौऱ्यात तो आवाजही बसला. पुन्हा रविशंकरांना आणि भारतीय वादकांचा मोठा ताफा बरोबर घेतला होता. लोकांना हवी होती बीटल्सची जुनी गाणी. वर्तमानपत्रांनी झोडपले, मध्येच रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाने जुळवण्याला टाळ्या दिल्या तिथेच आता प्रेक्षक चुळबुळत होते. त्यानंतर तो दौऱ्यावर जवळजवळ गेलाच नाही. बागकाम, चित्रपटनिर्मिती, अधूनमधून एखादी तबकडी, आणि मुलगा. मुलाचे नाव त्याने धनी ठेवले. आपल्या सरगमातले ध आणि नी.

१९९६ साली मद्रासला रविशंकरांनी वेदमंत्रांच्या आणि प्रार्थनांच्या चाली बांधल्या, 'चँट्स ऑफ इंडिया' या नावाने. निर्माता हॅरिसन. त्या तबकडीत त्याला शोधून काढावा लागतो. कुठे तारेचा एखादा झंकार, कुठे समूहात मिसळलेला आवाज. तीस वर्षांपूर्वी पायावर चापट खाल्लेला शिष्य गुरूच्या मागे बसून तंबोरा धरावा तसा तिथे आहे.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. अर्धवट राहिलेले काम धनी आणि जेफ लिन यांनी पुरे करून २००२ मध्ये 'ब्रेनवॉश्ड' नावाने काढले. त्यात एक शब्दांवाचूनचा तुकडा आहे, 'मारवा ब्लूज'. पावणेचार मिनिटांचा. जाणकारांनी त्यात मारवा शोधू नये. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, या कसोटीला तो उतरणार नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. नाव अर्धे आपले आणि अर्धे अमेरिकेतल्या काळ्यांचे. पण दिवेलागणीला मारवा ऐकताना षड्जावर येता येता गवई जे टाळत राहतो, ती घरापाशी येऊन घराबाहेर थांबल्याची जी हुरहुर असते, ती त्या नळीला नेमकी सापडलेली आहे. घाई नाही. एकही सूर दाखवण्यासाठी नाही. सतारीवर त्याने मारवा वाजवला असता तर तो विद्यार्थ्याचा मारवा झाला असता. सोडून दिल्यावर तेहतीस-चौतीस वर्षांनी जे वाजले त्याला कुणा सतारियाचीही मान हलावी.

परवा शाळेतून आल्यावर तो तुकडा लावला होता. धाकटीने विचारले, "बाबा, ही सतार आहे का?" नाही, गिटार आहे, म्हटले. तिला ते पटले नाही. तिने गवसणी सोडली, भिंतीपाशीच बसून एक तार छेडली. तरफेच्या दोन तारा तुटल्या आहेत आणि जवारी पार गेली आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की मिरजेच्या गाडीने न्यावी लागेल.